'कन्सल्ट' : एका क्रियापदाची कोर्टातली कहाणी

'कन्सल्ट करणे' हे क्रियापद आपण मराठीत कधीच घेऊन टाकलंय. डॉक्टरांना कन्सल्ट करतो, वकिलांना करतो. अर्थही ठाऊक असतो. विचारायचं, ऐकून घ्यायचं, निर्णय आपला. ऐकावे जनाचे, करावे मनाचे! पण देशात न्यायाधीश कोण नेमणार, हा वाद याच शब्दाभोवती फिरलाय. म्हणून थोडा इतिहास सांगतो.

राज्यघटनेच्या १२४व्या कलमाप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्रपती नेमतात. त्याआधी सरन्यायाधीशांना 'कन्सल्ट' करणं बंधनकारक आहे. संविधान सभेत काहींचं म्हणणं होतं की नुसता सल्ला नको, सरन्यायाधीशांची संमतीच हवी. २४ मे १९४९ रोजी बाबासाहेबांनी ते नाकारलं. सरकारला मोकळं रान त्यांनाही नको होतं. पण सरन्यायाधीशही शेवटी माणूसच, त्यांनाही आपल्यासारखेच राग-लोभ आणि पूर्वग्रह असतात, मग त्यांना नकाराधिकार कसा द्यायचा, असा त्यांचा मुद्दा होता.

पुढे १९७३ साली तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून ए. एन. रे सरन्यायाधीश झाले. आणीबाणीत उच्च न्यायालयांतल्या न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. १९७७ साली एच. आर. खन्नांना डावललं गेलं. सगळं सरकारच्या मर्जीवर सोडलं की काय होतं, ते देशाने पाहिलं.

तरीही १९८१ साली एस. पी. गुप्ता खटल्यात न्यायालयाने साधा अर्थच धरला : सल्ला म्हणजे संमती नव्हे. १९९३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने हे फिरवलं. ज्येष्ठ सहकाऱ्यांशी बोलून सरन्यायाधीश जे मत देतील, तेच वरचढ. इथून कॉलेजियम आलं. १९९८ साली सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीश अशी त्याची रचना ठरली. संसदेने घटनादुरुस्ती करून नियुक्ती आयोग आणला, तोही २०१५ साली ४ विरुद्ध १ मतांनी रद्द झाला.

म्हणजे क्रियापद तेच राहिलं, कर्ता बदलला. ज्याला विचारायचं, तोच ठरवायला लागला.

१९७३ आठवलं की मला हा निकाल समजतो. १९४९ आठवलं की खटकतो. राग-लोभ एकाला असतात, तसे पाच जणांनाही असतात. आणि या ओढाताणीत नावांच्या फायली अडकतात, उच्च न्यायालयांतल्या खुर्च्या रिकाम्या राहतात. त्याची किंमत सरकारही मोजत नाही आणि न्यायाधीशही नाहीत. ती मोजतो तारखांना खेटे घालणारा पक्षकार. त्याला मात्र कोणीच कन्सल्ट केलेलं नाही.