‘होतकरू’ आणि ‘भावी’ : मुंबईच्या शालेय क्रिकेटमधील अकाली कीर्ती

उगवत्या गुणाचे वर्णन करण्यास मराठीत दोन शब्द रूढ आहेत. ‘होतकरू’ म्हटल्याने गुण दिसतो, पण शेवट मोकळा राहतो. ‘भावी’ या विशेषणापुढे मात्र एखादे नाव येते, आणि मुलाच्या आयुष्याचा शेवट दुसराच कोणी आधी लिहून ठेवतो. मुंबईच्या शालेय क्रिकेटचा इतिहास हा पहिल्या शब्दाकडून दुसऱ्याकडे झालेला प्रवास होय.

या प्रवासाचा निर्णायक टप्पा फेब्रुवारी 1988 हा आहे. हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर (नाबाद 326) आणि विनोद कांबळी (नाबाद 349) यांनी आझाद मैदानावर 664 धावांची अभेद्य भागी केली. पुढे तेंडुलकर भारतीय संघात स्थिरावताच त्या सामन्याला भाकिताचे मोल आले, आणि शालेय धावसंख्या हे भविष्याचे प्रमाणपत्र ठरू लागले. कांबळीची कारकीर्द मात्र निराळे सांगत होती. 1993 मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत 224 व 227 धावा करणारा हा फलंदाज 1995 नंतर कसोटी खेळला नाही. 17 कसोटींतील त्याची सरासरी 54.20 राहिली.

हीच पुनरावृत्ती पुढे दिसते. पृथ्वी शॉ याने 2013 मध्ये हॅरिस शील्डमध्ये 546 धावा केल्या, 2018 मध्ये कसोटी पदार्पणातच शतक केले. परंतु 2024 च्या आयपीएल लिलावात त्याला कोणी घेतले नाही. जानेवारी 2016 मध्ये कल्याणच्या 15 वर्षांच्या प्रणव धनावडे याने नाबाद 1009 धावा केल्या. त्या सामन्यात प्रतिस्पर्धी संघाचे दोन डाव 31 व 52 धावांत आटोपले होते, ही गोष्ट जयघोषात मागे पडली. आकडा खरा होता. त्यावरून काढलेले अनुमान मात्र पोकळ होते. विषम सामन्यातील धावा गुणाची खूण असतात, त्याचे माप नव्हे.

ही प्रवृत्ती केवळ येथलीच नाही. अमेरिकेत लॅक्रॉस खेळणाऱ्या कोवळ्या मुलांना महाविद्यालये वर्षानुवर्षे आधी हेरून ठेवीत. अखेर 2017 मध्ये अशा अकाली संपर्कावर तेथे बंधन घालण्यात आले. येथे असा नियम नाही, कारण येथे हेरणारी संस्था नसून बातमी आहे. तीही मैदानाजवळच्यांचीच होते. राज्याच्या दुसऱ्या टोकास, गोंदियालगतच्या कुडव्यातील मुलाच्या वाट्यास हा जयघोष येत नाही. अपेक्षाभंगापासून तो वाचतो, पण संधीसही मुकतो.

अमोल मुझुमदार याचे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके आहे. 1988 च्या त्या भागीच्या वेळी तो पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून होता. रणजी पदार्पणात 260 धावा करताच तो ‘दुसरा तेंडुलकर’ ठरला. प्रथम श्रेणीत त्याने 11,167 धावा केल्या. भारताकडून तो एकही सामना खेळला नाही. 2 नोव्हेंबर 2025 रोजी भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक तोच होता. ‘भावी’ हे विशेषण त्याच्या बाबतीत खोटे ठरले. ‘होतकरू’ हा शब्द मात्र सदतीस वर्षांनी खरा ठरला.