मोठ्या अस्वलाची शिकार : कॅलिबर आणि गोळी यांचा ऐतिहासिक विचार

अमेरिकेतील लुइस-क्लार्क मोहिमेच्या रोजनिशीत मेरीवेदर लुइस याने २९ एप्रिल १८०५ रोजी ग्रिझली अस्वलाविषयी आपला अभिप्राय नोंदविला आहे. धनुष्यबाण व सामान्य प्रतीच्या बंदुका बाळगणाऱ्या मूळ रहिवाशांना या प्राण्याचे भय वाटणे स्वाभाविक असले, तरी निष्णात रायफलधाऱ्यांना तो तितकासा घातक नाही, असे त्याचे मत होते. पुढे सहाच दिवसांनी, ५ मे रोजी, विल्यम क्लार्क व त्याचा एक सहकारी यांनी एक प्रचंड अस्वल मारले. दहा गोळ्या लागूनही, आणि त्यांपैकी पाच फुप्फुसांतून गेल्या असूनही, ते मिसुरी नदीचे अर्ध्याहून अधिक पात्र पोहून गेले व निदान वीस मिनिटे जिवंत राहिले. दुसऱ्या दिवशी लुइसने लिहिले की, या प्राण्याविषयीचे मंडळींचे कुतूहल आता बरेचसे शमले आहे.

त्या काळची गोळी म्हणजे मऊ शिशाचा वाटोळा गोळा होय. व्यासाच्या मानाने त्याचे वजन अल्प असल्यामुळे शरीरात शिरताच त्याचा वेग झपाट्याने घटत असे. नळीचा व्यास, म्हणजेच कॅलिबर, वाढविणे हा यावर एक उपाय होता; गोळी लांबट व जड करणे हा दुसरा. १८७३ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेल्या .४५-७०-४०५ या काडतुसात दुसऱ्या उपायाचा अवलंब दिसतो. त्याच्या नावातील पहिला आकडा इंचांतील व्यासाचा, दुसरा दारूच्या व तिसरा गोळीच्या ग्रेनमधील वजनाचा आहे. ही गोळी सुमारे २६ ग्रॅम वजनाची होती.

धूरविरहित दारू आल्यावर वेग वाढला, व्यास घटला आणि शिशावर धातूचे कवच चढले. .३०-०६ या नावातील ०६ हे १९०६ या वर्षाचे द्योतक आहे. परंतु वेगाबरोबर नवी अडचण उद्भवली. जवळच्या अंतरावर गोळीचा वेग सर्वाधिक असतो. अशा वेळी पातळ कवचाची गोळी जाड स्नायूंवर वा हाडावर आदळून फुटते आणि जखम उथळ राहते. जखमी अस्वल दाट झुडपांत शिरले म्हणजे त्याचा माग काढणाऱ्याच्या प्राणावर बेतते. १९१२ साली हॉलंड आणि हॉलंड या इंग्रज कारखानदारांनी काढलेल्या .३७५ मॅग्नम काडतुसाची ३०० ग्रेनची गोळी अलास्कातील शिकाऱ्यांना विश्वासार्ह वाटली, याचे कारण केवळ तिच्या व्यासात नव्हे, तर तिच्या वजनातही शोधावे लागते.

घडणीचा प्रश्न जॉन नोस्लर याने हाती घेतला. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात एका मूसवर झाडलेल्या त्याच्या वेगवान गोळ्या खोलवर शिरल्याच नाहीत. त्यावर त्याने कवचाच्या मधोमध धातूचा आडपडदा असलेली गोळी तयार केली व १९४८ साली ती विक्रीस आणली. तिचा पुढचा भाग पसरून जखम रुंद करतो. पडद्यामागील भाग अभंग राहून आत शिरतो.

काडतुसांच्या या नावांत व्यास, दारूचे वजन, वर्ष, कारखानदार, क्वचित गोळीचे वजनही आढळते. गोळीची घडण मात्र कोठेच आढळत नाही. नावात ज्याची नोंद नाही, त्याकडे निवड करणाऱ्याचे लक्ष उशिरा जाते. ‘कोणते कॅलिबर?’ हा प्रश्न दीर्घकाळ अग्रभागी राहिला व ‘कोणती गोळी?’ हा मागे पडला, याचे एक कारण या नामपद्धतीतच असावे.