पदव्युत्तर पदवी
पदव्युत्तर पदवी अर्थात मास्टर्स ही स्नातक पदवीनंतर एखाद्या विषयाच्या विशेष अध्ययनाबद्दल विद्यापीठाकडून दिली जाणारी पदवी होय. 'मास्टर' हा शब्द शिक्षक या अर्थाच्या 'मॅजिस्टर' या लॅटिन शब्दापासून आला आहे. मध्ययुगीन युरोपात ही पदवी म्हणजे अध्यापनाचा परवानाच होता.

नाव एक असले, तरी पदवीचे स्वरूप देशागणिक बदलते. भारतात तीन वर्षांच्या पदवीनंतरचे एम.ए. दोन वर्षांचे असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी ते एक वर्षाचे असू शकते. इंग्लंडमध्ये ते बहुधा एका वर्षात पूर्ण होते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज, ग्लासगो यांसारख्या प्राचीन विद्यापीठांत एम.ए. ही कलाशाखेची पहिलीच पदवी असून ऑनर्ससह ती चार वर्षांची आहे. ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या बी.ए. पदवीधरांना काही वर्षांनी नव्या परीक्षेविना एम.ए. मिळते. १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर युरोपात सामान्यतः ९० ते १२० श्रेयांकांचा अभ्यासक्रम रूढ झाला.

या भेदांतून समकक्षतेचा प्रश्न उद्भवतो. ब्रिटनची एकवर्षीय पदवी भारतातील दोन वर्षांच्या पदवीशी दीर्घकाळ समकक्ष मानली जात नसे. जुलै २०२२ मधील भारत-ब्रिटन सामंजस्य कराराने तिच्या मान्यतेचा मार्ग मोकळा झाला. त्यामुळे समकक्षता ठरविताना केवळ नाव पुरेसे नसते. कालावधी, श्रेयांक व प्रवेशपात्रता यांचाही विचार आवश्यक ठरतो.