आरसी ३९० की आरएस ४५७: ट्रॅकवर चालवायला कोणती बाईक घ्यावी?

एक बाईक चाकणला बनते, दुसरी बारामतीला. केटीएम आरसी ३९० आणि एप्रिलिया आरएस ४५७ या दोन्ही पुणे जिल्ह्यातल्या. ट्रॅकवर बाईक चालवायला शिकायचं ठरवलेल्या भारतीय रायडरसमोर बहुतेक वेळा याच दोघींपैकी एक निवडायचा प्रश्न असतो.

जगात ‘मिडलवेट’ म्हटलं की साधारण ६०० सीसीच्या आसपासच्या बाईक डोळ्यांसमोर येतात. भारतात मात्र ४०० सीसीच्या आसपासच्या बाईकही याच गटात धरल्या जातात.

कागदावर काय दिसतं?

आरसी ३९० मध्ये ३७३ सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन आहे. ते ४३.५ पीएस ताकद आणि ३७ एनएम टॉर्क देतं. वजन १७२ किलो. आरएस ४५७ मध्ये ४५७ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन आहे. त्याची ताकद ४७.६ पीएस, टॉर्क ४३.५ एनएम आणि बाईकचं वजन १७५ किलो.

म्हणजे वजनात फरक फक्त तीन किलोंचा, पण ताकद आणि टॉर्क दोन्हीत एप्रिलिया पुढे. वळणातून बाहेर पडताना गिअर थोडा चुकला तरी तिचं इंजिन सांभाळून घेतं. आरसीला मात्र योग्य गिअरमध्ये, चढ्या आरपीएमवर ठेवावं लागतं. शिकणाऱ्यासाठी ही कटकटही आहे आणि चांगली सवयही.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये चित्र उलटं आहे. २०२२ च्या आरसीला कॉर्नरिंग एबीएस मिळालं. बाईक किती झुकली आहे हे ओळखून ते ब्रेकचा दाब सांभाळतं. क्विकशिफ्टरही सोबतच येतो, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलता येतो. आरएस ४५७ मध्ये ट्रॅक्शन कंट्रोल आणि रायडिंग मोड आहेत, पण झुकाव मोजणारा सेन्सर नाही. क्विकशिफ्टर वेगळे पैसे देऊन बसवावा लागतो.

तुमचा ट्रॅक कोणता?

कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे साधारण २.१ किलोमीटरचा आहे. इथे चार पीएस जास्त असण्यापेक्षा ब्रेक कुठे मारला आणि वळणात लाईन कशी धरली, यावर वेळ ठरते. चेन्नईजवळचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट ३.७ किलोमीटरचा आहे, तर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. तिथे एप्रिलियाची जास्तीची ताकद स्पष्ट जाणवते.

महाराष्ट्रातून यापैकी कुठेही जायचं तर हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त प्रवास आहे. बाईक चालवत न्यायची असेल तर दोन सिलिंडरचं इंजिन हायवेवर कमी थकवतं. पण ट्रॅकवर पडल्यावर तीच बाईक चालवत परत आणायची आहे, हेही लक्षात ठेवा.

खरा खर्च शोरूमनंतर

आरसी ३९० मे २०२२ मध्ये सुमारे ३.१४ लाखांना, तर आरएस ४५७ डिसेंबर २०२३ मध्ये ४.१० लाखांना बाजारात आली. दोन्ही किमती एक्स-शोरूम. यानंतर किमती बदलल्या आहेत, त्यामुळे आजचा भाव आणि बाईक उपलब्ध आहे का, हे डीलरकडे विचारा. पण लाँचच्या वेळचा सुमारे ९६ हजारांचा फरक बरंच काही सांगतो. लेदर सूट, बूट, ग्लोव्ह्ज, चांगले टायर आणि ट्रॅक डेची फी यांचा मोठा भाग एवढ्या पैशांत निघतो.

आणखी एक गोष्ट अनेकांना पडल्यानंतरच कळते. भारतातल्या नेहमीच्या मोटर विमा पॉलिसीत रेसिंग आणि वेगाच्या चाचणीसाठी केलेला वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर बाईक घसरली तर फेअरिंग, हँडल, लिव्हर यांचा खर्च खिशातून करावा लागू शकतो. बुकिंग करण्याआधी पॉलिसीतला ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग वाचा आणि विमा कंपनीला लेखी विचारा.

इथे आरसीची बाजू भक्कम होते. हे मॉडेल भारतात २०१४ पासून आहे. त्यामुळे जुन्या बाईक सहज मिळतात आणि तिच्यावर काम केलेले मेकॅनिकही सापडतात.

मग निवड कशी करायची?

ट्रॅकवर पहिल्यांदाच जाणार असाल, बजेट ठरलेलं असेल किंवा बाईक फक्त ट्रॅकसाठीच हवी असेल, तर आरसी ३९० घ्या. सेकंडहँड मिळाली तरी चालेल. उरलेले पैसे सुरक्षेची साधनं आणि प्रशिक्षणावर घाला.

रोज ऑफिस, रविवारी घाट आणि वर्षातून एक-दोनदा ट्रॅक असं गणित असेल, आणि गिअरचा खर्च वेगळा बाजूला काढलेला असेल, तर आरएस ४५७ जास्त समाधान देईल.

पण एप्रिलिया घेतल्यामुळे लेदर सूट ‘पुढच्या वर्षी बघू’ असं म्हणायची वेळ येत असेल, तर ती बाईक तुमच्यासाठी आज महाग आहे.