कृष्णवर्णीयांची अधिवेशने, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी आपले राजकीय हक्क, शिक्षण व परस्परसाहाय्य यांचा विचार करण्यासाठी भरविलेल्या प्रातिनिधिक सभा. १८३० पासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत राष्ट्रीय व राज्य पातळ्यांवर अशी दोनशेहून अधिक अधिवेशने भरली. बहुतेक राज्यांनी मताधिकार नाकारलेल्या या समाजाने प्रतिनिधी निवडणे, ठराव मांडणे, मते घेणे व इतिवृत्ते छापणे ही लोकशाहीची कार्यपद्धती येथे प्रत्यक्ष आचरणात आणली, हे या चळवळीचे वैशिष्ट्य होय.

या अधिवेशनांची पूर्वपीठिका परस्परसाहाय्यक मंडळांत आढळते. रिचर्ड ॲलन (१७६०–१८३१) व ॲब्सलम जोन्स (१७४६–१८१८) यांनी फिलाडेल्फिया येथे १७८७ मध्ये ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ स्थापिली. सभासदांनी दरमहा एक शिलिंग वर्गणी द्यावी आणि त्या निधीतून गरजू सभासद, तसेच दिवंगत सभासदांच्या विधवा व मुले यांस मदत मिळावी, अशी व्यवस्था होती. १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत कृष्णवर्णीयांनी रुग्णांची शुश्रूषा व मृतांचे दफन ही कामे पत्करली. तरीही त्यांच्यावर लुबाडणुकीचे आरोप झाले, तेव्हा ॲलन व जोन्स यांनी पुस्तिका प्रसिद्ध करून त्यांना उत्तर दिले. पुढे स्वतंत्र चर्चे स्थापन झाली आणि उपासनेबरोबरच सार्वजनिक सभांचीही ती केंद्रे बनली. स्वतंत्र कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत वसविण्याच्या योजनेविरुद्ध १८१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेथेल चर्चमध्ये मोठी निषेधसभा झाली.

राष्ट्रीय अधिवेशनास तात्कालिक कारण ओहायओ राज्यात घडले. तेथील कायद्यान्वये कृष्णवर्णीय रहिवाशांकडून ५०० डॉलरांचा जामीन मागितला जाई. १८२९ मध्ये सिनसिनॅटी नगरात या कायद्याच्या अंमलबजावणीची घोषणा झाली. पाठोपाठ जमावाचे हल्ले झाले आणि शेकडो कुटुंबांना नगर सोडावे लागले. त्यांपैकी काही कॅनडात गेली. या स्थितीचा विचार करण्यासाठी बॉल्टिमोरच्या हेझेकाया ग्राइस यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८३० मध्ये बेथेल चर्चमध्ये सु. चाळीस प्रतिनिधी जमले. ॲलन अध्यक्षस्थानी होते.

प्रारंभीच्या अधिवेशनांत शिक्षण, मद्यपाननिषेध व उद्योग यांवर भर होता. न्यू हेवन येथे महाविद्यालय काढण्याचा १८३१ चा संकल्प मात्र तेथील गोऱ्या नागरिकांच्या विरोधामुळे बारगळला. पुढे राज्य अधिवेशनांनी स्थानिक अन्यायांकडे लक्ष वळविले. न्यूयॉर्क राज्यात कृष्णवर्णीय मतदारास २५० डॉलरांच्या मालमत्तेची अट होती. तिच्याविरुद्ध १८४० मध्ये ऑल्बनी येथे अधिवेशन भरले. कॅलिफोर्नियात गोऱ्या माणसाविरुद्ध साक्ष देण्यास कृष्णवर्णीयांना असलेली बंदी १८५५ पासूनच्या अधिवेशनांनी व अर्जांनी सतत चर्चेत ठेवली. ती १८६३ मध्ये उठली.

मार्गांविषयी एकमत नव्हते. गुलामांना प्रतिकारास प्रवृत्त करणारे हेन्री हायलंड गार्नेट (१८१५–८२) यांचे आवाहन बफालो अधिवेशनाने (१८४३) थोड्या मतांनी फेटाळले. नैतिक आवाहनावर विसंबणारे फ्रेडरिक डग्लस (१८१८–९५) विरोधकांत होते. देशांतर करावे की जन्मभूमीतच झगडावे, हा वादही वारंवार उद्‌भवे. स्त्रियांचे स्थान हा तिसरा प्रश्न. प्रतिनिधींची निवासभोजनाची सोय व निधिसंकलन यांचा भार त्यांच्यावर असे, परंतु सभागृहात त्यांना क्वचितच स्थान मिळे. मेरी ॲन शॅड केरी (१८२३–९३) यांना १८५५ मध्ये वादानंतरच प्रतिनिधी म्हणून मान्यता मिळाली.

यादवी युद्धाच्या काळात, ऑक्टोबर १८६४ मध्ये, सिरॅक्यूस येथे अठरा राज्यांतील सु. १५० प्रतिनिधींनी गुलामगिरीच्या निर्मूलनाबरोबरच पूर्ण नागरिकत्व व मताधिकार मागितला. तेथेच ‘नॅशनल इक्वल राइट्स लीग’ स्थापन झाली. युद्धोत्तर काळात दक्षिणेकडील मुक्त गुलामही या परंपरेत सामील झाले. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने मताधिकारातील वर्णभेद कायद्याने संपला, तरी हिंसाचार व आर्थिक पिळवणूक यांमुळे तो व्यवहारात निष्प्रभ होत गेला. लूइव्हिलच्या अधिवेशनाने (१८८३) याविरुद्ध आवाज उठविला.

विसाव्या शतकातील नागरी हक्कांच्या संघटनांना या अधिवेशनांनी कार्यकर्ते व कार्यपद्धती यांचा वारसा दिला. इतिवृत्ते विखुरलेली राहिल्याने ती दीर्घकाळ उपेक्षित होती. २०१२ मध्ये डेलावेअर विद्यापीठात सुरू झालेल्या संकलनकार्यामुळे त्यांचा व्याप आणि स्त्रियांचा सहभाग अधिक स्पष्ट झाला. अधिवेशनांचे बरेचसे ठराव त्या काळी अमलात आले नाहीत. तथापि नागरिकत्व नाकारले गेले असतानाही ते जबाबदारीने आचरणारा समाज त्यांतून घडला, यातच त्यांचे ऐतिहासिक महत्त्व आहे.