सूतिकागार आणि माहेरघर

चरकसंहितेच्या शारीरस्थानाचा आठवा अध्याय आम्हीं अनेकदां वाचला. परंतु त्यांतील सूतिकागाराचें वर्णन मंगलविधींच्या गर्दींत आमच्या नजरेआड राहिलें होतें. गडचिरोली जिल्ह्यांतील माहेरघरांची माहिती वाचतांना तें पुन्हां काढून पाहावेंसें वाटलें.

सूतिकागार नवव्या महिन्यापूर्वींच बांधवावें, असें चरकाचें सांगणें आहे. जागेंतील हाडें, खडे व खापऱ्या काढून टाकाव्या. माती रूपानें, रसानें व गंधानें उत्तम असावी. दार पूर्वेस किंवा उत्तरेस ठेवावें. अग्नि, पाणी, उखळ, शौचस्थान, न्हाणी आणि स्वयंपाकघर हीं तेथेंच असून वास्तु ऋतुमानास सुखकर असावी. सुश्रुत मापही देतो: आठ हात लांब, चार हात रुंद, भिंती सारवलेल्या. दारासाठीं मात्र तो उत्तरेऐवजीं दक्षिणेचा पर्याय सांगतो. भूमीचे रंग व लांकडें तो चातुर्वर्ण्यास अनुसरून वांटतो. त्यांत वैद्यकापेक्षां समाजरचनाच अधिक बोलते, असें आमचें मत आहे. आमच्या लहानपणीं पाहिलेली बाळंतिणीची काळोखी, बंद खिडक्यांची व बाजेखालीं शेगडी धुमसणारी खोली या दोघांपैकीं एकाही आचार्याच्या माथीं मारतां येणार नाहीं.

पण खरा महत्त्वाचा मुद्दा पुढेंच आहे. नववा महिना लागतांच शुभ दिवशीं गर्भिणीनें सूतिकागारांत प्रवेश करावा व तेथेंच राहून प्रसवकालाची वाट पाहावी, असें चरक म्हणतो. कळा सुरू झाल्यावर प्रवास करण्याचा प्रसंगच या योजनेंत उद्भवत नाहीं.

प्रसूति रुग्णालयांत व्हावी या हेतूनें 2005 सालीं जननी सुरक्षा योजना सुरू झाली. प्रसूतीची जागा अशी घराबाहेर गेल्यावर मधली वाट हाही सूतिकागाराचाच भाग झाला. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्या मिळतात. 2019 च्या पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुरानें तेथील संपर्क अनेकवार तुटला. अशा वेळीं आडगांवच्या स्त्रीनें चिखल तुडवीत जावें, किंवा तिला खाटेवर घालून न्यावें. प्रसववेदना चालू असतां मुसळ घेऊन धान्य कांडावें, असें एक मत चरकाच्या काळींही होतें. आत्रेयानें त्याचा निषेध केला. गर्भिणीनें, विशेषतः प्रसवकालीं, दारुण श्रम टाळावे, केवळ येरझाऱ्या घालाव्या, असें तो सांगतो. नाल्यापलीकडील आरोग्यकेंद्र गांठणें ही येरझार नव्हे!

प्राथमिक आरोग्यकेंद्राच्या आवारांत माहेरघर बांधून गर्भिणीला कांहीं दिवस आधींच आणण्याची पद्धति 2010-11 पासून आदिवासी जिल्ह्यांत सुरू झाली. नांव सुरेख आहे. परंतु चरकाची गर्भिणी संपन्न घरची होती. तिच्याभोंवतीं अनेकदां प्रसूत झालेल्या, प्रेमळ व क्लेश सोसणाऱ्या स्त्रिया असाव्या, अशी त्याची अपेक्षा आहे. येथें पूर येतो तेव्हांच धानाची रोवणी असते, आणि घरीं मागें राहिलेलें लेंकरूं रडत असतें. म्हणून त्या लेंकरासह व एखाद्या वडीलधाऱ्या बाईसह राहण्याची सोय ही माहेरघराची भिंतींइतकीच आवश्यक बाब होय. चरकानें सूतिकागारांत स्वयंपाकघराला जागा दिली आहे, ती उगीच नव्हे. बाहेरच्या माणसांनीं वाढलेलें अन्न कितीही चांगलें असलें तरी माडिया बाईला आपल्या चुलीवरची आंबील हवी असते.