डॉ. संतोष होनावर यांची नेत्रकर्करोगविषयक कारकीर्द आणि जालना जिल्हा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
स्वातंत्र्योत्तर भारतात नेत्ररोगाचा विचार प्रामुख्याने मोतीबिंदूच्या अनुषंगाने झाला. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भरही मोतीबिंदूवरच राहिला. त्यामुळे डोळ्याचा आजार म्हणजे उतारवयाचा आजार, ही धारणा ग्रामीण समाजात दृढ झाली. बालकाच्या डोळ्यातील कर्करोग या धारणेत बसत नाही. हैदराबाद येथील नेत्रकर्करोगतज्ज्ञ डॉ. संतोष होनावर यांच्या कारकिर्दीचा आणि जालना जिल्ह्याच्या दृष्टीने तिच्या महत्त्वाचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

जालना व हैदराबाद :
जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. १ मे १९८१ रोजी त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. राजकीय संबंध संपुष्टात आला, तरी मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाने जालना हैदराबादशी जोडलेलेच राहिले. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. जालन्यास असे महाविद्यालय मिळण्यास २०२४ साल उजाडले. नेत्रकर्करोगावरील विशेष उपचार मात्र मुंबई, हैदराबाद, चेन्नई, दिल्ली अशा मोजक्या शहरांतच केंद्रित झाले. म्हणूनच हैदराबादेत घडलेली एका डॉक्टरची कारकीर्द जालन्याच्याही अभ्यासाचा विषय ठरते.

रोगाचे स्वरूप व उपचारांची वाटचाल :
रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कर्करोग असून तो बहुधा पाच वर्षांखालील बालकांत आढळतो. सुमारे १५ ते २० हजार जन्मांमागे एका बालकास तो होतो. बाहुलीत पांढरी चमक दिसणे व तिरळेपणा ही त्याची प्रमुख लक्षणे होत. स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक जेम्स वॉर्ड्रॉप यांनी १८०९ साली या रोगाचे स्वतंत्र वर्णन करून डोळा काढण्याचा उपाय सुचविला. १९७१ साली आल्फ्रेड नडसन यांनी त्याच्या आनुवंशिकतेची मीमांसा केली. विसाव्या शतकात किरणोपचारांनी अनेक डोळे वाचले. परंतु आनुवंशिक प्रकारच्या रुग्णांत त्यामुळे पुढे दुसरा कर्करोग उद्भवण्याचा धोका वाढतो, हेही निदर्शनास आले. १९९० च्या दशकात रसायनोपचारांनी गाठ लहान करून नंतर लेसर वा शीतोपचार करण्याची पद्धत रूढ झाली. प्रथम प्राण, नंतर डोळा व त्यानंतर दृष्टी असा उद्दिष्टांचा क्रम यातून निश्चित झाला.

डॉ. होनावर यांचे कार्य :
डॉ. होनावर यांनी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नेत्रवैद्यकाचे शिक्षण घेतले. पुढे फिलाडेल्फिया येथील विल्स नेत्र रुग्णालयात शील्ड्स दांपत्याच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नेत्रकर्करोगाचे प्रशिक्षण घेतले. हैदराबादेत एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत व नंतर सेंटर फॉर साईट येथे त्यांनी ही शाखा विकसित केली. २००९ साली त्यांना वैद्यकशास्त्रातील शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार प्राप्त झाला.

त्यांच्या कार्यातील २००२ साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध विशेष उल्लेखनीय आहे. डोळा काढल्यानंतर सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीत ज्यांच्यात धोक्याची लक्षणे आढळली, अशा ८० रुग्णांचा त्यात अभ्यास होता. पूरक उपचार मिळालेल्या ४६ रुग्णांपैकी सुमारे ४ टक्के रुग्णांत कर्करोग शरीरात अन्यत्र पसरला. असे उपचार न मिळालेल्या ३४ जणांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. काढलेला डोळा हा उपचाराचा शेवट नसून पुढील निर्णयाचा आधार आहे, हे या अभ्यासाने अधोरेखित केले. रुग्ण उशिरा दाखल होतात अशा प्रदेशांत तर या निष्कर्षाचे मोल अधिकच आहे.

जिल्ह्याच्या संदर्भात :
बालकाच्या डोळ्यातील पांढरेपणास ग्रामीण भागात 'फूल पडले' असे म्हणण्याचा प्रघात आहे. बुबुळावरचे फूल व बाहुलीच्या आतून दिसणारी पांढरी चमक यांतील भेद या एका शब्दात लोपतो आणि बहुमोल महिने वाया जातात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूची तपासणी समाविष्ट आहे. त्याचेही ठळक लक्षण पांढरी बाहुली हेच होय. साहजिकच त्या तपासणीत कर्करोगाची शंका घेणे शक्य आहे. त्यासाठी वेगळी यंत्रणा नको; अंगणवाडीत बालकाच्या डोळ्यांत प्रकाश टाकून पाहणारी व्यक्ती जाणकार हवी. तसेच बालकाचा डोळा जिथे काढला जाईल, तेथून तो विकृतिशास्त्रीय तपासणीस गेलाच पाहिजे.

समारोप :
डॉ. होनावर यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन केवळ पुरस्कारांवरून करणे अपुरे ठरते. महानगरात सिद्ध झालेले ज्ञान अंबड, भोकरदन वा मंठा तालुक्यातील बालकापर्यंत वेळेत पोहोचते काय, हा खरा निकष आहे. तज्ज्ञाचे कौशल्य मातेने प्रथम पाहिलेल्या त्या पांढऱ्या चमकेनंतरच कामी येते. ती चमक दिसणे आणि उपचार सुरू होणे यांतील काळ कमी करणे हेच जिल्ह्यातील आरोग्यसेवेपुढील कार्य होय.